'पी'मध्ये गाडी सुरू होत नाही, 'एन'मध्ये होते : ऑटोमॅटिकची गिअर केबल पुन्हा पुन्हा का बिघडते?

ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या तशी एक तक्रार कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजवर वारंवार येऊ लागली आहे. गिअरचा दांडा 'पी'मध्ये (पार्किंग), पाय ब्रेकवर, चावी फिरवली की डॅशबोर्डचे सगळे दिवे लागतात, पण स्टार्टर हूं की चूं करत नाही. दांडा 'एन'वर (न्यूट्रल) आणला की गाडी पहिल्या झटक्यात सुरू. मालक काही दिवस तशीच 'एन'मध्ये सुरू करून चालवतो, मग जवळच्या गॅरेजमध्ये दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी गिअर केबल ॲडजस्ट करून घेतो. महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

केबल ॲडजस्ट कशी करायची ते पुढे सविस्तर लिहिले आहे. पण त्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, कारण ती माहीत नसल्याने लोकांचे पैसे वाया जातात आणि कधी कधी चांगला गिअरबॉक्सही जातो. एकदा नीट बसवलेली गिअर केबल आपणहून सरकत नाही. आतली पोलादी तार रोजच्या वापराने इतकी लांबत नाही की 'पी'चा 'आर' (रिव्हर्स) व्हावा. तेव्हा ॲडजस्टमेंट दुसऱ्यांदा बिघडली की समजावे, दोष केबलच्या लांबीत नाही. केबलची टोके ज्याच्या आधाराने उभी आहेत त्यातले काहीतरी हलते आहे, झिजले आहे किंवा सुटले आहे. ते सापडेपर्यंत ॲडजस्टमेंटच्या नटाला पाना लावू नका.

तुमच्या गाडीला ही केबल आहे का?

हे आधी बघा. २०१४च्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीने सेलेरिओत एएमटी (साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्रणेने आपोआप बदलणारी पद्धत) आणली आणि तेव्हापासून आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' म्हणून ज्या छोट्या गाड्या खपल्या त्यांतल्या बऱ्याच एएमटी आहेत. एएमटीत बहुतेक ठिकाणी 'पी' नसतोच. दांडा 'आर', 'एन', 'डी' (ड्राइव्ह) आणि 'एम' (मॅन्युअल) एवढ्यातच फिरतो आणि तो खरे तर इलेक्ट्रिक स्विच असतो. त्याच्याखाली गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल नाही, तेव्हा ॲडजस्ट करायलाही काही नाही. तिथला बिघाड ॲक्चुएटरचा (गिअर आणि क्लच हलवणाऱ्या यंत्रणेचा), क्लचचा किंवा सेन्सरचा असतो. ज्या नव्या गाड्यांत दांड्याऐवजी गोल फिरवायचे बटण किंवा आपोआप मध्ये परत येणारी छोटी काडी असते, त्यांचीही तीच गोष्ट.

टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद ऑइलमधून पोचवणारी) जुनी-नवी ऑटोमॅटिक आणि दांड्याची सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी) यांच्यात मात्र ही केबल सर्रास असते. दांड्याच्या खालून निघून ती फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, किंवा गाडीच्या पोटाखालून गिअरबॉक्सवरच्या छोट्या लिव्हरपर्यंत जाते. काही ड्युअल क्लच गाड्यांतही ती असते, पण तिथे ती फक्त पार्किंग लॉकपुरती असते.

केबल नेमके काय करते

गिअरबॉक्सवरच्या त्या लिव्हरला जोडलेला एक शाफ्ट आत जातो. आत त्याला एक दातेरी पट्टी असते आणि तिच्या खाचेत स्प्रिंगचा एक रोलर येऊन बसतो. दांडा हलवताना हाताला जो खटका जाणवतो तो बहुतेक गाड्यांत या रोलरचा असतो. तोच शाफ्ट तीन कामे करतो. ऑइल कुठल्या क्लचकडे सोडायचे ते ठरवणारा मॅन्युअल व्हॉल्व्ह तो सरकवतो, 'पी'मध्ये पार्किंगची अडणी गिअरच्या दातात पाडतो आणि बाहेरच्या बाजूला बसवलेला न्यूट्रल स्विच फिरवतो. आपल्या गॅरेजांत कोणी त्याला इनहिबिटर स्विच म्हणते, कोणी रेंज सेन्सर. स्टार्टरला परवानगी हा स्विच देतो, तीही फक्त 'पी' आणि 'एन'मध्ये. रिव्हर्सचा दिवाही तोच लावतो.

आता केबल थोडी जरी सरकलेली असली तरी काय होते बघा. दांडा केबिनमध्ये 'पी'च्या घरात जाऊन बसतो, पण शाफ्ट शेवटच्या खाचेच्या अलीकडेच राहतो. स्विचला 'पी' मिळत नाही, म्हणून स्टार्टर नाही. 'एन'चा टापू स्विचमध्ये थोडा ऐसपैस असेल तर तिथे निभावून जाते. हा त्रास नुसता गैरसोयीचा असता तर एवढे लिहिले नसते. पण तोच शाफ्ट 'डी'मध्येही अर्धवट बसतो. मॅन्युअल व्हॉल्व्हचे तोंड पूर्ण उघडत नाही, क्लचला पुरेसे प्रेशर मिळत नाही, प्लेटा घसरतात आणि जळतात. डिपस्टिक असलेल्या गाडीत ऑइल तपकिरी झालेले आणि जळका वास मारणारे दिसते. आणि 'पी'मध्ये अडणी अर्धीच पडली तर चढावर उभी केलेली गाडी चालू लागते. म्हणून 'एन'मध्ये सुरू करून दिवस ढकलणे ही सवय ताबडतोब सोडा.

निदान : पाना हातात घ्यायच्या आधी

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा, ब्रेकवर पाय ठेवा आणि दांडा 'पी'पासून शेवटपर्यंत एकेक घर सावकाश न्या. प्रत्येक घरात थांबून दोन गोष्टी बघा. दांड्याशेजारची खूण काय सांगते आणि डॅशबोर्डवरचे अक्षर काय सांगते? दांड्याशेजारची खूण दांड्याबरोबर चालते. डॅशबोर्डचे अक्षर गिअरबॉक्सवरच्या स्विचकडून येते. दोघांत तफावत दिसली, किंवा डॅशबोर्डवर एखाद्या घरात अक्षरच गायब झाले, तर केबल किंवा स्विच यांपैकी एकाची जागा चुकली आहे.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. प्रत्येक घरात दांडा बटण न दाबता पुढे-मागे किंचित हलवून बघा, जेवढी सूट असेल तेवढाच. केबल बरोबर असेल तर दोन्ही बाजूंना सूट सारखी लागते आणि अक्षर जागचे हलत नाही. केबल सरकलेली असेल तर एका बाजूला दांडा लगेच अडतो, दुसऱ्या बाजूला जास्त जातो आणि त्या बाजूला अक्षर लुकलुकते. घर एकीकडे आणि खटका दुसरीकडे, असे हाताला स्पष्ट कळते. 'पी'मध्ये दांडा आणखी पुढे दाबून धरल्यावर स्टार्टर फिरत असेल तर केबल अपुरी पडते आहे यात शंका नको.

काही लक्षणे केबलची वाटतात पण नसतात. दांडा 'पी'मधून निघतच नसेल तर आधी मागचे ब्रेक लाइट लागतात का बघा. लागत नसतील तर ब्रेक पेडलचा स्विच किंवा फ्यूज गेला आहे आणि शिफ्ट लॉकला (ब्रेक दाबल्याशिवाय दांडा 'पी'मधून सोडू न देणाऱ्या कुलपाला) पाय दाबल्याचा निरोपच मिळत नाही. दांड्याजवळच्या छोट्या झाकणाखाली शिफ्ट लॉक सोडवायची खाच असते, तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून गाडी हलवता येते. डॅशबोर्डवर 'पी' स्वच्छ, स्थिर दिसतो, खटकाही पूर्ण बसतो आणि तरी स्टार्टर फिरत नाही, तर केबलला हात लावू नका. बॅटरीची टोके, स्टार्टर रिले, चावीचे इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) हे बघा. स्कॅनरवर पी०७०५ किंवा पी०७०६ कोड मिळाला तर तो रेंज सेन्सरच्या सर्किटचा आहे. केबल सरकल्यामुळेही तो येतो आणि स्विचच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरल्यामुळेही, म्हणून नुसता कोड पाहून स्विच बदलायला सांगणाऱ्याचे ऐकू नका.

दांडा एकदम हलका होऊन कुठेही फिरत असेल, खटकाच लागत नसेल, तर केबल टोकाला सुटली किंवा तुटली आहे. तेव्हा दांडा 'पी'मध्ये दिसत असला तरी गिअरबॉक्स 'डी'मध्ये असू शकतो. हँडब्रेक ओढल्याशिवाय आणि ठोकळा लावल्याशिवाय गाडीतून उतरू नका.

पुन्हा पुन्हा होण्याची खरी कारणे

मालवणहून एक निवृत्त गुरुजी त्यांची सेडान घेऊन आले होते. 'पी'मध्ये सुरू होत नाही हीच तक्रार. केबल त्यांनी आधीच ॲडजस्ट करून घेतली होती आणि तरी त्रास परत आला होता.

"गुरुजी, हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतंत?"

"काम असं काही नाही हो. बॅटरी तेवढी बदलली."

बॅटरी आणि तिचा ट्रे काढला. खाली गिअरबॉक्सच्या अंगावर केबलची बाहेरची नळी धरून ठेवणारे ब्रॅकेट होते. त्याला दोन बोल्ट हवेत, तिथे एकच होता आणि तोही अर्धवट आवळलेला. मुलाला आत बसवून दांडा हलवायला सांगितला आणि टॉर्च धरून बघत राहिलो. 'पी'कडे दांडा गेला की आधी ब्रॅकेट वाकून पुढे झुकायचे, मग गिअरबॉक्सचा लिव्हर निघायचा आणि शेवटच्या खाचेच्या केसभर अलीकडे थांबायचा. दांड्याने दिलेल्या हालचालीतला एक वाटा ब्रॅकेटच खाऊन टाकत होते. केबल कितीही वेळा ॲडजस्ट केली असती तरी ते झुकत राहिले असते. दुसरा बोल्ट बसवला, पहिला आवळला आणि मग केबल नव्याने लावली, कारण आधीच्या ॲडजस्टमेंटमध्ये ती या झुकण्याचा हिशेब धरून ओढून ठेवलेली होती.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच : त्रासाच्या आधी गाडीला कोणाचा हात लागला होता? बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, स्टार्टर, गिअरबॉक्स माउंटिंग, गिअरबॉक्स ऑइल, या सगळ्या कामांत केबलच्या वाटेत हात जातो. ट्रे परत बसवताना केबल त्याच्याखाली चेपली जाते, क्लिपा घालायच्या राहतात, नळी एक्झॉस्टला टेकते आणि वितळते.

दुसरे मोठे कारण केबलच्या टोकाचा बुश. गिअरबॉक्सच्या लिव्हरवर एक गोळीसारखा किंवा सरळ खुंट असतो आणि केबलच्या डोळ्यात (टोकाच्या छिद्रात) प्लॅस्टिकचा किंवा रबरी बुश घालून तो त्यावर बसवलेला असतो. इंजिनच्या उष्णतेने प्लॅस्टिक कडक होते, चिरते, भुगा होऊन झडते. केबलचा डोळा दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवा. लिव्हर स्थिर राहून डोळा खुळखुळला की बुश गेला. हे फक्त जुन्या गाड्यांतच होते असे नाही. अमेरिकेत फोर्डने २०२२च्या जूनमध्ये याच बुशापायी सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या. एस्केप, सी-मॅक्स, फ्युजन, एज आणि ट्रान्झिट कनेक्ट यांची काही वर्षांची मॉडेल्स त्यात होती. बुश झिजून केबल सुटायची आणि दांडा 'पी'मध्ये असूनही गिअरबॉक्स दुसऱ्याच गिअरमध्ये राहायचा. उपाय होता नवा बुश आणि त्यावर एक संरक्षक टोपी. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडे यांपैकी जुनी गाडी असेल तर चॅसी नंबर टाकून हे काम झाले आहे का बघायला जरूर सांगा.

आपल्याकडे अडचण अशी की बऱ्याच कंपन्यांचा बुश सुटा मिळत नाही, अख्खी केबल घ्यावी लागते. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला शोधल्यावर मापाचा बुश कधी मिळतो, कधी नाही. मिळालाच तर खुंटाचा व्यास व्हर्निअरने मोजून घ्या, नुसते नजरेने जुळवू नका. बाइंडिंग वायर किंवा केबल टाय बांधून डोळा खुंटावर अडकवलेला मी पुष्कळदा पाहतो. आंबा घाटात गाडी अडकली तर घरापर्यंत यायला तेवढे ठीक आहे. त्यापुढे नाही. वायर प्लॅस्टिक कापत जाते आणि सुटते तेव्हा पूर्वसूचना देत नाही.

तिसरे कारण गंज. कोकणपट्टीतल्या आणि गोव्याच्या गाड्यांत हे हमखास दिसते. केबलच्या टोकाचे रबरी बूट फाटले की पावसाळ्यात पाणी आत शिरते, वर खारी हवा. आतली तार नळीत घासत चालते, दांडा जड होतो आणि ढकलायला जास्त जोर लागला की ॲडजस्टरची (केबलची लांबी पक्की धरणाऱ्या नटाची किंवा लॉकची) पकड हळूहळू सरकते. लोक अशा वेळी नळीत ऑइल किंवा स्प्रे सोडतात. चार दिवस हलकी वाटते, मग धूळ धरून आणखी जड होते. गंजलेली केबल बदलायचीच. पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणारे उंदीरही या बुटांना तोंड लावतात, तेव्हा बूट फाटलेले दिसले तर दातांच्या खुणा आहेत का तेही बघा.

राहिले इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग, म्हणजे त्यांना बॉडीवर धरणारे रबरी आधार. केबलचे एक टोक बॉडीला आणि दुसरे गिअरबॉक्सला धरलेले असते. माउंटिंगचे रबर फाटले की ॲक्सिलरेटर दिल्यावर गिअरबॉक्स उसळतो आणि आखूड वळण असलेली केबल ओढली जाते. अशा गाडीत त्रास कधी असतो, कधी नसतो, म्हणून निदान फसते. बॉनेट उघडून कोणाला तरी ब्रेक घट्ट दाबून 'डी' आणि 'आर'मध्ये आळीपाळीने टाकायला सांगा, आपण बाजूला उभे राहा, गाडीसमोर नाही. इंजिन जागेवर किती उसळते ते डोळ्यांना दिसते.

ॲडजस्टमेंट

वरचे सगळे ठीक झाले, आता केबल लावायची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सवरचा लिव्हर बहुधा वरून, एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरी ट्रे काढल्यावर दिसतो. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनरसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो खालून आहे, तिथे रॅम्प किंवा पक्के स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचे नाही. आणि लक्षात ठेवा, या कामात गिअरबॉक्स 'एन'मध्ये असणार आहे, म्हणजे गाडीला 'पी'ची अडणी नाही. हँडब्रेक आणि चारही ठोकळे नसतील तर काम सुरूच करू नका. इंजिन थंड, चावी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला.

जुनी जागा आधी खुणेने धरून ठेवा. नट, केबलचा डोळा आणि लिव्हर यांच्यावरून व्हाइटनरची एक आडवी रेघ मारली की पुढे किती सरकवले ते नेमके दिसते आणि गडबड झालीच तर मूळ जागेवर परत येता येते. वायर ब्रशने आटे साफ करा. नट पूर्ण काढायचा नाही, डोळा मोकळा सरकेल एवढाच ढिला करायचा. खुंट फिरत असेल तर तो दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर लिव्हरवर पीळ येतो.

टोयोटाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये पद्धत अशी आहे. नट ढिला केल्यावर गिअरबॉक्सवरचा लिव्हर हाताने 'पी'च्या टोकापर्यंत पूर्ण न्या. 'पी' कुठल्या बाजूला आहे ते नट ढिला करण्याआधीच कोणाला तरी दांडा हलवायला लावून बघून ठेवा. आता टोकापासून दोन खटके परत या. पहिला खटका 'आर', दुसरा 'एन'. आतल्या माणसाने दांडा 'एन'मध्ये ठेवायचा आणि 'आर'च्या बाजूला अगदी हलके रेटून धरायचा, जेणेकरून दांड्यातली ढील निघून जाईल. तो तसाच धरलेला असताना नट आवळायचा. केबलचा डोळा खुंटावर ओढून-ताणून न बसता सहज बसला पाहिजे. आवळण्याचा जोर अनेक मॉडेल्सना १२ न्यूटन-मीटरच्या आसपास दिलेला आहे, म्हणजे लहान पान्याने मनगटाच्या ताकदीचे काम. लांब पाना लावून अंग टाकले की खुंटाचे आटे जातात.

दोन खटके मोजताना घाई नको. रोलर खाचेत पूर्ण बसल्याचे बोटांना कळते. लिव्हर सोडून दिला तरी तो जागचा हलत नाही. खाचेच्या कडेवर असेल तर सोडताच स्वतःहून एका बाजूला जातो. हे जाणवेपर्यंत लिव्हर पुढे-मागे करून बघा.

सगळ्याच गाड्या 'एन'मध्ये लावायच्या नसतात. होंडाच्या कित्येक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये ॲडजस्टमेंट कन्सोलखाली, दांड्यापाशी असते आणि ती 'आर'मध्ये, दांड्याच्या तळाशी पिन घालून करायची असते. काही केबलींना नटच नसतो, मध्ये प्लॅस्टिकचा लॉक असतो. तो उचलला की आतली स्प्रिंग केबलला स्वतः जागेवर आणते आणि दोन्ही टोके ठरलेल्या घरात आहेत याची खात्री करून लॉक परत दाबायचा. असे जुने लॉक उष्णतेने ठिसूळ झालेले असतात, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले की तुकडा हातात येतो, म्हणून बोटाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनेच उचला. आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल हाताशी ठेवणे यात कमीपणा नाही. मी आजही बघतो.

केबल बरोबर लागली, तरी डॅशबोर्डवरचे अक्षर एका बाजूला झुकलेले दिसले तर मग न्यूट्रल स्विचची पाळी. त्याचे बोल्ट ढिले करून, गिअरबॉक्स 'एन'मध्ये असताना स्विचवरची रेघ आणि शाफ्टवरची खाच एका ओळीत आणायची. क्रम उलटा करू नका. चुकलेल्या केबलला जुळवून स्विच फिरवला की स्टार्टर चालतो, अक्षरे बरोबर दिसतात आणि आत व्हॉल्व्ह अर्धवटच राहतो. अशा गाड्या मी जळलेल्या क्लच प्लेटांसह उघडल्या आहेत. स्विचने सगळे ठीक दाखवले म्हणून मालक निर्धास्त असतो.

काम झाल्यावर

बॅटरी जोडा, ठोकळे तसेच राहू द्या, ब्रेकवर पाय घट्ट. 'पी'मध्ये आणि 'एन'मध्ये स्टार्टर फिरला पाहिजे. 'आर' आणि 'डी'मध्ये फिरता कामा नये, हे मुद्दाम करून बघा. रिव्हर्सचा दिवा फक्त 'आर'मध्ये लागतो ना हे मागे उभ्या माणसाला विचारा. 'एन'मध्ये इंजिन चालू असताना गाडी कुठेही ओढत नसली पाहिजे. मग मोकळ्या जागी 'डी' आणि 'आर'मध्ये टाकून बघा. गिअर लागायला आधी जो उशीर होत होता तो गेला का? शेवटी हलक्या उतारावर, पुढे-मागे कोणी नाही हे बघून, ब्रेक दाबून 'पी'मध्ये टाका, हँडब्रेक सोडा आणि ब्रेक हळूहळू उचला. गाडी इंचभर हलून थांबली तर ठीक. ती अडणी दातात बसण्याची हालचाल आहे.

उतारावर रोज उभी करताना सगळे वजन त्या अडणीवर टाकू नका. ब्रेक दाबून 'एन', मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडीचे वजन हँडब्रेकवर बसू द्या आणि त्यानंतर पुन्हा ब्रेक दाबून 'पी'. पुण्या-मुंबईच्या बेसमेंट पार्किंगमध्ये उताराच्या तोंडाशी गाड्या लागतात, तिथे नुसत्या 'पी'वर ठेवलेल्या गाडीचा दांडा सकाळी ताकदीने उपसावा लागतो. तो प्रत्येक हिसका केबलच्या बुशावर आणि ॲडजस्टरवर येतो.

दुसरी केबल, जिला अंदाजाने हात लावायचा नाही

जुन्या, मेकॅनिकल थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणारी झडप पेडलच्या तारेने उघडणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक केबल असते. ती थ्रॉटलपासून गिअरबॉक्समध्ये जाते. कोणी तिला किकडाउन केबल म्हणते, कोणी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल. ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हे ती गिअरबॉक्सला सांगते आणि कित्येक गाड्यांत आतले ऑइल प्रेशर त्यावर ठरते. जुन्या आयात लँड क्रूझरसारख्या गाड्या बाळगणाऱ्यांकडून विचारणा येते की गिअर उशिरा बदलतो, ही केबल थोडी ढिली करू का? करू नका. गिअर लवकर आणि मऊ बदलू लागतो खरा, पण प्रेशर कमी पडून क्लच घसरतात आणि गिअरबॉक्स थोड्याच अंतरात जळतो. टोयोटाच्या अशा बऱ्याच गिअरबॉक्सना माप ठरलेले आहे. पेडल पूर्ण दाबून थ्रॉटल पूर्ण उघडा असताना केबलवरचा स्टॉपर आणि रबरी बुटाचे टोक यांच्यात ० ते १ मिलिमीटर अंतर हवे. थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडतो का हे आधी तपासा. फ्लोअर मॅटची घडी पेडलखाली आली तरी माप चुकते.

गिअर केबल बरोबर लागली, बुश नवा आहे, ब्रॅकेट पक्के आहे, डॅशबोर्डवर 'पी' स्थिर आहे आणि तरीही उतारावर गाडी 'पी'मध्ये कडकड आवाज करत सरकते, तर अडणी किंवा तिचे दात झिजले आहेत. ते काम गिअरबॉक्स उघडण्याचे. तोवर ती गाडी हँडब्रेक आणि ठोकळ्याशिवाय कुठेही उभी करू नका आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स रोज उघडणाऱ्या मिस्त्रीकडेच न्या. जाताना त्यांना आधी झालेली कामे तारखेसकट सांगा, बॅटरी बदलल्याचेसुद्धा.